बाबुन्याची भावकी

भाद्रपदात भूमहून कुंथलगिरीकडे निघालेल्या यात्रेकरूला रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या फुलांची सोबत मिळते. बालाघाटच्या मुरमाड उतारावर पावसाळा सरत आला की गवताबरोबर ही फुलेही माथा वर काढतात. एखादे फूल वीतभर उंचीच्या एकाच दांड्यावर डोलत असते, मध्ये पिवळा गाभा आणि भोवती पाच पांढऱ्या पाकळ्या. ही एकदांडी; काही गावांत हिला दगडी पाला म्हणतात आणि खुरपे लागले की तिचाच रस जखमेवर पिळतात. ओढ्याकाठच्या ओलाव्यात माका असतो. आणि गावाजवळची पडीक जागा, शाळेचे मैदान, बाजार समितीचे आवार, जिथे म्हणून कोणाचे लक्ष नाही तिथे कंबरेइतके वाढलेले, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले गाजर गवत असते.

याच दिवसांत भूम, बार्शी, धाराशिव येथील दुकानांच्या फळ्यांवर आणखी एक पांढरे-पिवळे फूल दिसू लागले आहे. ते खोक्यावर छापलेले असते आणि त्याचे नाव कॅमोमिल. पुण्या-मुंबईस नोकरी करणारी मुले-सुना घरच्या वडीलधाऱ्यांसाठी हा चहा पाठवतात. रात्री झोप लागत नाही, पोटात वायू धरतो, तर निजण्यापूर्वी कपभर घ्या, असे सांगतात. खोक्यावरचे चित्र पाहून घरातील एखादी आजी हमखास म्हणते, “अहो, हे तर आपल्या बांधावरचेच फूल! याला एवढे पैसे कशाला मोजायचे?”

आजींचा प्रश्न व्यवहाराचा आहे आणि त्याचे उत्तरही व्यवहाराच्या दृष्टीनेच शोधले पाहिजे. बांधावरचे फूल ते नव्हे. परंतु ते का नव्हे, हे ओळखायचे कसे, आणि चुकून तेच समजले तर काय होते, हे दुकान चालवणाऱ्या आणि घर चालवणाऱ्या दोघांनीही जाणून घेण्यासारखे आहे.

प्रथम या फुलाची रचना पाहू. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते या कुळात प्रत्यक्षात फुलांचे एक गावच असते. मधल्या पिवळ्या गाभ्यात शेकडो नळीसारखी बारीक फुले दाटीने बसवलेली असतात आणि भोवतालची प्रत्येक पांढरी पाकळी हेही एक स्वतंत्र फूल असते. वनस्पतिशास्त्रात या संपूर्ण गुच्छाला स्तबक म्हणतात. मधल्यांना बिंबपुष्पके आणि कडेच्यांना किरणपुष्पके. सूर्यफुलाचे तबक हातात घेतले की ही रचना सहज ध्यानात येते, कारण तिथे प्रत्येक बारीक फुलाच्या जागी पुढे एकेक बी धरलेले दिसते. म्हणूनच या कुळाला मराठीत सूर्यफूल कुल असे नाव मिळाले. जगात या कुळाच्या २५,००० हून अधिक प्रजाती आहेत. फुले खाण्यापिण्यात न घेण्याची दक्षता पुष्कळ जैन घरांत पाळली जाते, तिच्यामागे फुलांच्या बेचक्यांत दडलेल्या सूक्ष्म जीवांचा विचार आहे. स्तबक उकलून पाहणाऱ्याला त्या विचाराचे कारण डोळ्यांनी दिसते, कारण अशा एका फुलात लपण्याच्या जागा शेकड्यांनी असतात. ज्या घरी हा नियम आहे, तिथे कॅमोमिलच्या चहाचा प्रश्न तिथेच संपतो. मात्र माल दुकानात येतोच, आणि ग्राहक विचारतोच.

या विशाल कुळात एक पोटशाखा अशी आहे की तिच्यात १०० हून अधिक वंश आणि सुमारे १,८०० प्रजाती मोडतात. तिखट किंवा गोडसर वास, बारीक चिरलेली पाने आणि पुष्कळदा पांढऱ्या किरणांमध्ये पिवळे बिंब, ही या शाखेची घराणेदार खूण. कॅमोमिल याच शाखेतले. आपल्या देव्हाऱ्यातली आणि वेणीतली शेवंती याच शाखेतली. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा याच शाखेतला. त्याच्या फुलाला डौल नाही, पण पानाचा वास चुरगळताच घर भरून टाकतो. दवण्याची एक चिनी बहीण आहे, तिच्यापासून हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे औषध मिळाले आणि ते शोधणाऱ्या तू यूयू या विदुषीला २०१५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे ही भावकी मोठी, नामांकित, आणि कोणत्याही मोठ्या भावकीप्रमाणे तिच्यात सर्व स्वभावाचे लोक आहेत.

आता मूळ पुरुषाकडे वळू. औषधी म्हणून ज्याला जगभर मान आहे ते जर्मन कॅमोमिल. युनानी हकिमांच्या भाषेत बाबुना, किंवा फुलांपुरते बोलायचे तर गुल-ए-बाबुना. त्याचे शास्त्रीय नाव मॅट्रिकेरिया कॅमोमिला. हे एका हंगामाचे रोप आहे, मूळचे युरोप आणि पश्चिम आशियातले. पाने शेपूसारखी दोरेदार. फुलांना सफरचंदाचा वास येतो. कॅमोमिल या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक नावाचा अर्थच ‘जमिनीवरचे सफरचंद’ असा आहे, आणि स्पेनमध्ये याला मँझानिया, म्हणजे छोटे सफरचंद म्हणतात. फुले वाफेवर उकळून जे तेल निघते ते गर्द निळे असते. पांढऱ्या-पिवळ्या फुलातून निळे तेल कसे निघते याचे नवल वाटते. फुलात निळा रंग नसतोच, वाफेच्या उष्णतेने फुलातील एका द्रव्याचे रूपांतर होऊन कॅमाझ्युलीन नावाचे निळे द्रव्य तयार होते.

दुसरे रोमन कॅमोमिल. हे बहुवर्षायू, जमिनीलगत पसरणारे, पश्चिम युरोपातले. याचे शास्त्रीय नाव कॅमिमेलम नोबिले. जुन्या ग्रंथांत हेच अँथेमिस नोबिलिस म्हणून येते. याचाही औषधी आणि सुगंधी उपयोग आहे, परंतु जर्मन कॅमोमिलहून हे वेगळे झाड आहे आणि त्याच्या तेलाची घडणही वेगळी आहे. येथे नावांचा घोटाळा सुरू होतो. जर्मन कॅमोमिलच्याच खोक्यावर कोणी मॅट्रिकेरिया कॅमोमिला लिहितो, कोणी मॅट्रिकेरिया रेक्युटिटा, कोणी कॅमोमिला रेक्युटिटा. तिन्ही नावे एकाच वनस्पतीची. एका आसामीची तीन खाती निरनिराळ्या नावांनी असावीत तसा हा प्रकार. उलट केवळ ‘कॅमोमिल’ एवढाच शब्द छापलेला असेल तर आत दोन वेगवेगळ्या आसामींपैकी कोण आहे हे कळायला मार्ग नाही. माल भरताना दुकानदाराने शास्त्रीय नाव पाहावे ते यासाठी.

याच्यापुढे मात्र तोतये सुरू होतात. अँथेमिस कोट्युला नावाचे एक रोप दिसायला थेट बाबुना, पण वास उग्र आणि नकोसा. त्याच्या रसाने कातडीवर फोड येतात. युरोपात पिकाची कापणी करणाऱ्या मजुरांना त्याचा त्रास जुन्या काळापासून ठाऊक होता. हे रोप आता काश्मीर खोऱ्यात तण म्हणून माजले आहे. दुसरे एक रोप असे, की त्याचे फूल बाबुन्याशी तंतोतंत जुळते पण त्याला वासच नाही. म्हणून त्याच्या शास्त्रीय नावातच ‘गंधहीन’ असा शब्द घातला आहे. तिसऱ्याला पांढरे किरणच नसतात, नुसता हिरवट-पिवळा गोंडा असतो, आणि चुरगळला तर अननसाचा वास येतो. चौथा ऑक्स-आय डेझी, म्हणजे बैलाच्या डोळ्याएवढा ठसठशीत. हाही काश्मिरात बागेतून निसटून कुरणांत शिरला आहे.

मग खरा कोणता? याची परीक्षा सोपी आहे आणि तिला ना प्रयोगशाळा लागते ना भिंग. फूल देठापासून माथ्यापर्यंत ब्लेडने उभे चिरावे. जर्मन कॅमोमिलचा पिवळा गाभा शंकूसारखा उंच असतो आणि आतून पोकळ निघतो. रोमन कॅमोमिल, गंधहीन तोतया, उग्र वासाचा तोतया, यांचे गाभे आतून भरीव असतात. वाळलेल्या फुलावरही ही परीक्षा चालते. कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून मग चिरायचे. मात्र चहाच्या पिशवीत फुलाचा चुरा असेल तर परीक्षेला काही उरत नाही. म्हणून अख्ख्या फुलांचा माल थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा, असा जाणत्या काष्ठौषधी व्यापाऱ्यांचा दंडक आहे आणि तो योग्यच आहे. धनादेशावरची सही बँकेत जुळवतात तेव्हा अक्षर सुंदर आहे की नाही हे कोणी पाहत नाही. नमुन्याशी वळणे जुळतात का, एवढेच पाहतात. फुलांनाही तोच न्याय लावावा लागतो.

काष्ठौषधीच्या दुकानांना या कुळातील अदलाबदल नवी नाही. अक्कलकारा हे मुळाच्या रूपात विकले जाणारे औषध. त्याचे खरे झाड उत्तर आफ्रिकेकडचे, फूल पुन्हा बाबुन्याच्याच वळणाचे, पांढऱ्या किरणांचे. मूळ चावले की जीभ झिणझिणते आणि लाळ सुटते. आपल्याकडे ओलसर जागी एक छोटे रोप येते, त्याचा पिवळा गोंडा चावला तरी जीभ तशीच बधिर होते. दातदुखीवर तो गोंडा दाढेत धरतात. झिणझिण्या येतात एवढ्या साम्यावरून या रोपालाही अक्कलकारा म्हणू लागले. एक मूळ, एक फूल. एक परदेशी, एक देशी. झाडे निराळी आणि मागणी एकाच नावाने. वैद्याने चिठ्ठीत लिहिलेला अक्कलकारा कोणता, हे विचारल्याशिवाय पुडी बांधू नये.

या भावकीतला सर्वांत विलक्षण सदस्य पायरेथ्रम. मूळचा अ‍ॅड्रियाटिक समुद्राकाठच्या डाल्मेशिया प्रांतातला. विसाव्या शतकात केनियाच्या डोंगराळ भागात त्याची मोठी लागवड झाली. फूल पाहिले तर पुन्हा तेच, पांढरे किरण, पिवळे बिंब. वाळवून त्याची पूड केली की ती कीटकांचा जीव घेते. डासांसाठी जाळण्याची वळी जपानमध्ये प्रथम याच फुलाच्या पुडीपासून बनली. आताच्या वळ्यांत बहुधा त्याच धर्तीची कृत्रिम द्रव्ये असतात. एका फुलाचा चहा माणसाला निजवतो आणि तशाच दुसऱ्या फुलाची पूड डासाला कायमचे. चेहरा पाहून स्वभाव ठरवणे किती धोक्याचे, याचे याहून ठळक उदाहरण क्वचित मिळेल.

आता भूमच्या रस्त्याकडे परत येऊ, कारण आपल्या भागापुरता खरा प्रश्न तिथे उभा आहे. एकदांडी बाबुना नाही, पण तिच्यापासून भयही नाही. तिची पाने खरखरीत, दातेरी आणि अखंड, बाबुन्याची दोरेदार. माका तर ओळखू येण्यासारखा आहे, कारण त्याचा मधला गाभाही पांढराच असतो. भय आहे ते गाजर गवताचे. त्याची चिरलेली पाने आणि पांढरी फुले पाहून अनोळखी माणूस फसू शकतो, आणि नावाचा योगायोग तर आणखीच घातक आहे. गाजर गवताचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. कॅमोमिलच्या शाखेत अर्धशिशीवर वापरले जाणारे फीवरफ्यू नावाचे एक रोप आहे, त्याचे नाव टॅनासेटम पार्थेनियम. पहिल्यात पार्थेनियम हे आडनावाच्या जागी आहे आणि दुसऱ्यात पाळण्यातल्या नावाच्या जागी. अर्धवट माहितीवर एखादा ‘पार्थेनियम औषधी असते’ असे सांगू लागला, तर त्याचा परिणाम किती वाईट होईल याची कल्पना करवत नाही.

गाजर गवत मूळचे अमेरिका खंडातले. भारतात ते ठळकपणे नजरेस आले ते पुण्यात, १९५५ साली. पुढच्याच वर्षी त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतील गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. तारखांचा हिशेब घातला तर हे विधान जसेच्या तसे टिकत नाही. भारताशी त्या योजनेचा करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि रोप पुण्यात त्याआधीच उगवले होते. अमेरिकी धान्य त्यापूर्वीही, १९५१ च्या गहू कर्जाच्या वेळी, या देशात आले होते. बी धान्यातून आले असेल तर ते आधीच्या एखाद्या पोत्यातून आले असावे. इतिहासातही पावतीची तारीख पाहिलेली बरी.

एका रोपाला हजारोंनी बी धरते. पंधरा-पंचवीस हजारांचा आकडा सांगितला जातो. बी इतके हलके, की वारा, पाणी, बैलगाडीचे चाक, मालमोटारीचा चिखल, सर्व त्याचे वाहक. पुण्यातून निघालेले हे रोप काही दशकांत देशभर पोहोचले. त्याच्यातील पार्थेनिन नावाचे द्रव्य त्वचेला लागून काही माणसांना असा इसब होतो की चेहरा, मान, कोपराच्या आतील घड्या जाड आणि काळवंडलेल्या होतात; ऊन लागले की वाढतो, आणि दरवर्षी पावसाळ्यात परत येतो. पुण्यातील डॉ. लोणकर यांनी परदेशी सहकाऱ्यांसह या त्वचारोगावर १९७४ साली लेख लिहिला, तेव्हापासून वैद्यकीय जगात त्याची दखल आहे. सर्वांनाच हा त्रास होत नाही. परंतु ज्याला एकदा झाला त्याचे शरीर ती खूण विसरत नाही.

आणि येथेच कॅमोमिलच्या खोक्याचा आणि गाजर गवताचा संबंध येतो. सूर्यफूल कुळातील पुष्कळ वनस्पतींत पार्थेनिनच्या जातीची द्रव्ये असतात. ज्याच्या शरीराने एकाशी वैर धरले, ते त्याच्या भाऊबंदांशीही वैर धरण्याचा संभव असतो. गाजर गवताच्या इसबाच्या रुग्णांना शेवंतीच्याही स्पर्शाने त्रास होतो, हे त्वचारोगतज्ज्ञांच्या परिचयाचे आहे. पाश्चात्त्य देशांत गाजर गवताच्या निकटच्या आप्ताची, रॅगवीडची, अ‍ॅलर्जी असलेल्यांना कॅमोमिल जपून घेण्यास सांगतात. बहुतेक माणसांना कॅमोमिलचा चहा सोसतो, यात शंका नाही. पण युरोपातल्या शहरात बसून हा चहा पिणारा आणि भूमच्या बाजार समितीत पोत्यांवर बसून जन्मभर गाजर गवताची धूळ श्वासात घेतलेला अडत्या, या दोघांचे शरीर एकाच इतिहासाचे नाही. घरात ज्यांना पावसाळ्यात इसब, दमा किंवा सततच्या शिंका यांचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा चहा सुरू करू नये. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनीही विचारून घ्यावे, कारण वॉरफरिनसारख्या औषधाशी कॅमोमिलचे जमत नसल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत आलेली आहेत. मुलांनी प्रेमाने पाठवलेले खोके असले, तरी विचारण्यात प्रेमाचा अपमान होत नाही.

गाजर गवताचा आणखी एक हिशेब या तालुक्याने मांडला पाहिजे. भूम हा दुधाचा आणि खव्याचा तालुका आहे. जनावर आपणहून गाजर गवताला तोंड लावत नाही. पण टंचाईच्या वर्षी, किंवा वैरणीबरोबर कापून आले तर ते पोटात जाते. मग दूध कडवट होते. दुभत्या जनावरांवर आपली उपजीविका ठेवणाऱ्या भागात हे तण रस्त्याकडेला निर्धास्त वाढू द्यावे, याचे आश्चर्य वाटते. त्याची पाने खाणारा मेक्सिकन भुंगेरा १९८४ साली बेंगळुरू येथे प्रथम सोडण्यात आला. पावसाळ्यात तो पानांचा फडशा पाडतो, परंतु उन्हाळ्यात जमिनीत दडून बसतो आणि पाऊस लांबला तर तोही उशिरा उठतो. जीवहिंसा नको आणि विषारी फवाराही नको, अशी ज्यांची इच्छा आहे त्यांच्यासाठी सर्वांत निर्दोष उपाय जुनाच आहे: फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटणे. नुसते कापले तर बुडातून फुटवे येतात आणि फुलल्यावर उपटले तर उपटणाराच बी पसरवतो.

कॅमोमिल आपल्या रानात पिकवता येईल का, असाही एक प्रश्न अलीकडे ऐकू येतो. देशात त्याची लागवड होते, हे खरे आहे. लखनऊ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने ‘वल्लरी’सारखे वाण काढले, आणि २०१७ साली सुरू झालेल्या अरोमा मिशनमधून उत्तरेकडील शेतकऱ्यांपर्यंत असली सुगंधी पिके पोहोचली. चोपण जमिनीतही ते तग धरते, हा त्याचा मोठा गुण. पण ते थंडीचे पीक आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायचे आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फुले खुडायची. आपल्याकडे फेब्रुवारी उलटता उलटता ऊन चटके देऊ लागते. फुले एकदम फुलत नाहीत, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा पुन्हा खुडावी लागतात. बोराएवढे फूल, ते हाताने खुडायचे, सावलीत वाळवायचे, आणि पाच किलो ओल्या फुलांचे जेमतेम किलोभर वाळलेले भरायचे. मजुरीचा हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय कर्जाचा अर्ज लिहू नये. महाराष्ट्रातील शेतकऱ्याने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सफेद मुसळीची तेजी पाहिली आहे. महागडे बेणे विकणारे तेव्हा दारोदार होते, आणि माल तयार झाल्यावर खरेदीची हमी देणारे पुष्कळ ठिकाणी सापडले नाहीत. ज्या पिकाचा खरेदीदार तालुक्याच्या बाजारात उभा नाही, त्या पिकात पहिल्या वर्षी गुंठ्यांत शिरावे, एकरात शिरू नये.

खरे पाहता या कुळातले मोठे धन भूमच्या काळ्या रानात पूर्वीपासून आहे. करडई. तिला किरण नाहीत, नुसता काट्यांच्या मुठीतून वर आलेला केशरी गोंडा. म्हणून ती कॅमोमिलची नातलग आहे हे कोणाच्या मनात येत नाही. पण स्तबकाची रचना तीच. पाऊस ओढून धरला तरी जमिनीच्या खोल ओलीवर ती उभी राहते. हुरड्याच्या दिवसांत तिच्या कोवळ्या पानांची भाजी होते, बियांचे तेल निघते. सोलापूरच्या संशोधन केंद्राचा ‘भीमा’, परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी कुसुम’, हे वाण आपल्याच भागासाठी निघाले. सोयाबीनने रान व्यापले, रब्बीत हरभऱ्याने जागा घेतली, आणि करडईच्या तेलाचे घाणे थंडावले. व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्यांत तिच्या आवकेची जी पाने भरलेली दिसतात, ती आता पुष्कळ विरळ झाली आहेत.

या करडईच्या पाकळ्यांचा चहा होतो. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण तयार केले आणि त्यांच्या पाकळ्या वाळवून वनौषधी चहा म्हणून वापरण्यास चालना दिली. चीनमध्ये करडईच्या पाकळ्या औषधात फार पूर्वीपासून आहेत. आपल्या बाजाराला या पाकळ्या ठाऊक आहेत त्या वेगळ्याच कारणाने: केशराच्या डबीत त्यांची भेसळ करतात. पाण्यात टाकल्या की केशराची काडी रंग सावकाश सोडते आणि तिचे एक टोक रुंद होत गेलेले दिसते. करडईची पाकळी म्हणजे अख्खे नळीसारखे फूल, टोकाला पाच चिरा असलेले. तेव्हा चोरून केशर म्हणून विकली जाणारी वस्तू स्वतःच्या नावाने, उघडपणे, चहा म्हणून विकता आली तर तो व्यापार निश्चित अधिक स्वच्छ. अर्थात करडईही याच कुळातली, त्यामुळे इसबाचा इशारा तिलाही लागू आहे, आणि गरोदरपणात ती घेऊ नये असे चिनी वैद्यकही सांगते.

पाकळ्या खुडण्याची वेळ महत्त्वाची आहे. फूल ताजे असताना ओढले तर बी भरण्याला धोका. फलधारणा होऊन पाकळ्या मलूल होऊ लागल्या की त्या हलकेच निघतात आणि तेलाचे उत्पन्न घटत नाही. म्हणजे एकाच रोपाचे दोन माल. अडचण काट्यांची. आपल्याकडे आजही काटेरी वाणच अधिक पेरले जातात, आणि त्याला कारण आहे. ज्वारीच्या पट्ट्याभोवती करडईच्या दोन ओळी टाकल्या की मोकाट जनावर आत शिरत नाही, कुंपणाचा खर्च वाचतो. बिनकाट्याची करडई लावली तर पाकळ्या मिळतील आणि ज्वारी उघडी पडेल. भूमच्या शेतकऱ्यांनी या दोन्हींचा मेळ घालण्याचा एक मार्ग काढता येण्यासारखा आहे: बांधाकडेने काटेरी ओळी आणि आतल्या बाजूला बिनकाट्याच्या. त्या आतल्या ओळींच्या पाकळ्या कोण, कोणत्या भावाने उचलणार, एवढेच आता बाजारपेठेने ठरवायचे आहे.